वाघमुखी प्लॉट

टप्… बाथरूममधला नळ टपकला. तेवढाच काय तो आवाज.

मी नुकतंच सांगितलं होतं, "बोरगाव मेघेत प्लॉट घेतला मी. रजिस्ट्री झाली. माझ्या एकटीच्या नावानं."

दादाचा पोह्यांचा चमचा तोंडाजवळ थांबला होता. काजल वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी. नाचणगावाहून सकाळच्या गाडीनं आलेले बाबा मांडीवरच्या टोपीकडे असे बघत होते, जणू उत्तर तिथंच लिहिलंय.

टप्…

"एकटीच्या?" दादा शेवटी बोलला. भूपेंद्रदादा मनानं वाईट नाही. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्याला विचारून व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. "मंग मी काय मेलो होतो? माझं नाव लावलं असतं, तर…"

"तर ते घर तुझं झालं असतं दादा."

"अन् हे घर तुझं नाही का?"

सासरी मला बजावून सांगितलं गेलं होतं, हे घर तुझं नाही. फारकत घेऊन गुंजनला कडेवर बसवून इथं आले, तेव्हापासून दोन वर्षं रोज सांगितलं जात होतं, हे घर तुझंच आहे गं. ज्याचं घर असतं ना, त्याला कोणी असं सांगत नाही.

त्या नळाशी माझी जुनी ओळख. रडू आलं की मी तो पूर्ण सोडायची. बादलीत पाणी धो धो पडायचं. बाहेर कोणाला काही कळत नसे.

"कसा हाये प्लॉट?" बाबांनी हळूच विचारलं.

"वाघमुखी."

वहिनीनं कपाळाला हात लावला. समोरून अरुंद आणि मागे रुंद ती गोमुखी जागा… घरासाठी शुभ. समोरून रुंद, मागे निमुळती ती वाघमुखी. "अगं बाई, वाघमुखी जागेवर लोकं दुकान टाकतात! घर कोणी बांधते का? त्यात बाईमाणूस, एकटी…"

"कोणी बांधत नाही, म्हणूनच मला परवडला ना वहिनी." माझ्या बांगड्या मोडून गोमुखीचा एक कोपराच आला असता.

दादानं चमचा खाली ठेवला. "बरं. झालं ते झालं. भूमिपूजनाले मी अन् काजल बसतो. जोडपं लागते पूजेले."

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेणाऱ्या माणसांनी आजवर मला बरंच फसवलंय. त्या दिवशी मी त्यांना फसवलं.

---

दोन दिवसांनी लॅबच्या ड्यूटीआधी मी स्कूटी काढली. पुढे गुंजन उभी, पायाशी नारळ आणि हळदीकुंकू, मागे दोरीनं बांधलेली कुदळ. थंडी अशी, की गुंजनच्या कानटोपीवर दव साचलं. लेआउटमध्ये पोचलो तेव्हा धुकं अजून जमिनीलाच लोळत होतं. रिकाम्या प्लॉटांवर मेथी, पालक आणि सांबार लावलेला. कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो, आणि त्या सकाळी सगळा लेआउट त्याच वासानं भरलेला होता.

लाल रंगानं माझ्या प्लॉटचा नंबर लिहिलेला दगड मला लगेच सापडला. कोणी दाखवायला नव्हतं. मीच कोणाला बोलावलं नव्हतं.

जोडपं लागतं म्हणे. आम्ही दोघी होतो. गुंजननं झेंडू वाहिला, मी कुदळीचा पहिला घाव घातला. माती मऊ निघाली. मग गुंजन ओणवी झाली आणि तिनं जमिनीला तोंड लावून विचारलं, "आम्ही राह्यला येऊ ना?"

नारळ एका फटक्यात फुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं… आणि इथं नळ नव्हता.

"पूजा झ्याक झाली जी."

मी दचकून वळले. धुक्यातून एक माणूस उभा राहिला. माझ्याएवढाच असेल. गळ्यात मफलर, गुडघ्यांपर्यंत चिखल, हातात सांबाराची जुडी.

"पण ताई… हा प्लॉट माहा हाये."

"काहीतरीच! हा दगड बघा. माझाच नंबर आहे."

त्यानं दगडाकडे पाहिलं. मग शेजारच्या मेथीकडे. मग त्यानं जीभ चावली… अगदी शाळेतल्या पोरासारखी.

"हा दगड मीच उचलला होता. भाजी धुवाले सपाट दगड पाह्यजे होता ना. धुणं झालं अन् ठेवून देला परत… बहुतेक इकडच्या अंगाले."

"बहुतेक?"

"आता वाटून राह्यलं, नक्कीच."

मी त्याच्याकडे बघितलं. घरच्या सगळ्यांना चुकवून, जगाशी भांडून मी पूजा केली होती… ती या माणसाच्या जमिनीची! मला संताप यायला हवा होता. आधी हसू आलं, हे कोणाला सांगू नका.

त्याचं नाव रोशन. हा सगळा लेआउट आधी त्यांचं वावर होतं. वावर विकलं गेलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी एक प्लॉट ठेवून घेतला… गोमुखी. वडील गेल्यावर तो रोशनच्या नावावर झाला. बाकीचे प्लॉट विकले जाईपर्यंत लेआउटच्या मालकाला विचारून रोशन त्यांवर भाजी लावायचा आणि त्याची आई जयवंताबाई ती बाजारात विकायची.

"तुमच्या जागेवर पुन्हा करा पूजा. नारळ मी देतो."

"नाही करणार."

"काऊन?"

"एकदाच करायची होती. मनापासून केली. पुन्हा केली तर आधीची खोटी ठरेल."

तो जरा विचारात पडला. "जमिनी तं शेजारीशेजारीच हायेत. माही सांगन तुमचीले." मग त्यानं हात पुढे केला. "पण अर्ध्या नारळावर जमीनमालकाचा हक्क हाये. हो का नाई ताई?"

"ताई म्हणू नका." हे कसं तोंडातून गेलं, माझं मलाच कळलं नाही.

"मंग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू."

"काईच न म्हणता बोलणं मोठं कठीण हाये जी…" तो म्हणाला, आणि खोबऱ्याचा तुकडा गुंजनच्या हातावर ठेवला. सांबाराची जुडी माझ्या स्कूटीला अडकवली. त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातांना सांबाराचा वास येत होता. मी दुपारपर्यंत हात साबणानं धुतले नाहीत. म्हणजे… नुसत्या सॅनिटायझरवर भागवलं.

---

माझ्या प्लॉटवर घराचा पायवा खोदला गेला. पूजेचं घरी कळलं तेव्हा दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि वहिनी त्याच्या वाटचंही बोलली.

मी रविवारी दिवसभर प्लॉटवर असायची. मिस्त्री मला विचारायचा, "साहेब नाई आले?" मी म्हणायची, "साहेब मीच." रोशन मेथीतून मान वर न करता ओरडायचा, "साहेबाले चहा द्या रे!"

माझ्याकडे बोअर नव्हती, त्याच्याकडे होती. पाण्याचा पाइप मेथीतून थेट माझ्या पायव्यात यायचा. मी पैसे विचारले की तो गुंजनशी बोलायला लागायचा.

"काय काम करता तुम्ही?" एकदा त्यानं विचारलं.

"लॅबमध्ये आहे. रक्त काढते."

तो खरोखर एक पाऊल मागे सरकला. "सुईनं?"

"नाही, कुदळीनं."

"हसू नका जी. मी सुई पाह्यली का बसूनच घेतो खाली. आई म्हणते, एवढा मोठा घोडा…" तो थांबला. मग हळूच, "अन् लोकाईचं रक्त काढताना तुम्हाले भेव नाई वाटत?"

"माझं बरंच काढलंय लोकांनी. आता नाही वाटत."

तो हसला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला. अशा नजरेचं काय करायचं असतं, मी विसरून गेले होते. मी उगाच विटा मोजायला लागले आणि प्रत्येक वेळी चुकले.

भिंती खिडकीपर्यंत आल्या. नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, तराई करावी लागते, नाही तर ती तडकते. सकाळी मला ड्यूटी. मिस्त्री विसरायचा. पण मी संध्याकाळी जाऊन हात लावला की भिंत गार, ओली. एकदा मी लवकर गेले, तर रोशन पाइप धरून माझ्या भिंतीला पाणी मारत होता, आणि तिच्याशी बोलत होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

तो गोरामोरा झाला. "मेथीले देतोच… तं भिंतीलेबी चार फवारे. तेवढ्यानं काय बिघडते?"

आणि मग तो जानेवारीतला रविवार. आभाळ अचानक भरून आलं, वारा सुटला आणि थेंब पडायला लागले. माझ्या सिमेंटच्या गोण्या उघड्यावर! मी धावले. माझ्याआधी तो धावला. बांधावर बाजारासाठी काढून ठेवलेल्या त्याच्या मेथीच्या जुड्या तशाच सोडून त्यानं ताडपत्री माझ्या गोण्यांवर ओढली आणि तिचं एक टोक आमच्या तिघांच्या डोक्यावर धरलं. गुंजन मध्ये, आम्ही दोन बाजूंना. ताडपत्रीवर ताडताड पाऊस. त्याच्या मफलरला ओल्या लोकरीचा वास.

"तुमची मेथी भिजली…"

"मेथी भिजली तरी भाजीच राह्यते. सिमेंट भिजलं का गोटा होते."

"बाजार बुडला ना पण तुमचा?"

"हाव." त्यानं पावसाकडे बघतच म्हटलं. "बुडू द्या."

पाऊस थांबला होता. ताडपत्री त्यानं अजून धरूनच ठेवली होती… आणि मीही ती सोडायला सांगितलं नाही.

"वाघाच्या तोंडात घर बांधून राह्यल्या तुम्ही," तो पुटपुटला. "भेव नाई वाटत?"

"वाघाला विचारा."

"इचारलं," तो म्हणाला. "तो म्हणते, बाई मोठी खतरनाक हाये."

मधून गुंजन म्हणाली, "माझ्या डोक्यावर पाणी गळून राह्यलं," आणि आम्ही दोघं एकदम बाजूला झालो.

---

महिनाभरानं एका दुपारी मी ड्यूटीवरून परत आले, तर दारात ओळखीच्या चपला होत्या… चिखलाच्या. आत जयवंताबाई नऊवारी नीट करून बसल्या होत्या. शेजारी रोशन, इस्त्रीचा शर्ट, नजर फरशीवर. दादा, वहिनी, आणि खास बोलावून घेतलेले बाबा.

"ये, बस," दादा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज इतका गोड लागला. "बाईंनी रोशनसाठी विचारलंय. गुंजनसकट."

माझ्या छातीत असं काही उडालं, की मला पदर सावरावा लागला. आणि पदर तर नव्हताच, मी ड्रेसमध्ये होते.

"तुह्या हातानं नारळ आमच्या जागेवर फुटला पोरी," जयवंताबाई म्हणाल्या. "त्या जागेनंच मांगलं तुले."

किती छान बोलल्या! आणि मग दादानं पुढचं सांगितलं. सगळं ठरलं होतं. लग्न वैशाखात. घर रोशनच्या गोमुखी प्लॉटवर, रोशनच्या नावानं. पूजाही तिथलीच झालेली, म्हणजे दोष नाही.

"आणि माझा प्लॉट?"

"तो विकून टाकू ना," दादा म्हणाला. "वाघमुखीच तं हाये. विटा तिकडं कामी येतील."

माझ्या भिंती खिडकीच्या वर आल्या होत्या. त्या खिडकीतून कुठलं आभाळ दिसेल, हे मला पाठ होतं. मी रोशनकडे पाहिलं. बोल ना… एक शब्द. पण तो फरशीच बघत राहिला.

"नाही," मी म्हटलं.

टप्… आत नळ टपकला.

"लग्नाले नाही म्हणतेस?" बाबा.

"विटा उचलायला नाही म्हणते. पहिल्यांदा माझ्या नावाची भिंत उभी राहिली बाबा. ती मी पाडणार नाही. नवऱ्यासाठी नाही, अन् भावासाठीही नाही."

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. "माह्या पोरात काय खोट हाये?"

"त्यांच्यात काहीच नाही मावशी. खोट माझ्या प्लॉटात आहे म्हणतात. अन् मला तोच पाहिजे."

मी आत गेले, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहून गेली, तरी सोडलेलाच ठेवला. कितीतरी वेळानं दारावर छोटी टकटक झाली.

"आई," गुंजनचा आवाज. "झालं?"

---

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली आणि सकाळीच प्लॉटवर गेले. भिंतीला पाणी मारायचं होतं. आता माझं मलाच मारायचं होतं.

तो आधीच तिथं होता. कालच्याच इस्त्रीच्या शर्टात, पाइप हातात. भिंत निथळत होती.

"तुम्ही कशाला?" माझा आवाज नको तेवढा चढला. "मी नाही म्हटलंय!"

"मले म्हटलं. भिंतीनं काय पाप केलं?"

"काल का नाही बोललात? जमिनीकडे बघत बसलात नुसते! माझ्या विटा वाटून घेत होते सगळे, अन् तुम्ही…"

त्यानं पाइप खाली ठेवला. पाणी मेथीत वाहत राहिलं.

"आईनं येताना फक्त लग्नाचं सांगितलं होतं. विटाचं मले तिथंच कळलं. बोलणारच होतो… पण तिथं तुमच्याकून बोलणारे लय होते जी. भाऊ बोलला, बाबा बोलले, माही माय बोलली. अजून एक माणूस तुमच्याकून कायले बोलू? वाटलं, ह्या सोता बोलतील." तो क्षणभर थांबला. "अन् बोलल्या. मी तं खालमुंडी घालून हसून राह्यलो होतो."

"हसत होता?"

"मंग? 'विटा उचलायला नाही म्हणते'… घरी जाऊन आईले दोनदा म्हणून दाखवलं."

मी वाहता पाइप उचलून मेथीतून बाजूला केला.

"पण एक चूक झाली माही," तो म्हणाला. "आईले म्हटलं, विचारून ये. तुमच्या भावाले विचारलं आम्ही. तुम्हाले कोणी विचारलंच नाई." त्यानं चिखलाचे हात इस्त्रीच्या शर्टाला पुसले. "तं आता विचारतो. तुमच्या घरात… तुमच्या नावाच्या घरात… एका माणसाले जागा होईल काय? माह्या प्लॉटवर मेथी राहू द्या. मेथी खुश हाये तिथं."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू द्या."

"वाघाच्या तोंडात राहावं लागेल."

"वाघाले मी रोज पाणी पाजून राह्यलो ना. तो काय मले खाते?"

ऊन वर आलं होतं. ओल्या विटांचा वास सुटला होता, आणि माझ्या आत काहीतरी मऊ पडत होतं, त्या पहिल्या कुदळीखालच्या मातीसारखं. पण इतक्या सहज 'हो' म्हणायची सवय मी मोडली होती.

"सोमवारी लॅबमध्ये या," मी म्हटलं. "बाही वर करून."

त्याचा रंग उडाला. "काऊन?"

"सिकलसेलच्या आजाराची तपासणी. लग्नाआधी करतात."

तो बघतच राहिला. आधी सुई समजली. मग हळूहळू बाकीचं समजलं… आणि तो माझ्या भिंतीला टेकून सरळ खालीच बसला.

"अहो, अजून सुई लावली नाही!"

"माहीत हाये," तो म्हणाला. डोळे मिटून हसत होता. "माहीत हाये, आचल."

माझ्या नावात एवढा सांबाराचा वास असतो, मला आधी माहीत नव्हतं.

---

रिपोर्ट चांगला आला. रक्त देताना त्यानं माझा हात असा धरला होता, की माझ्याच बोटांचा एक्स-रे काढायची वेळ आली असती.

लग्न साधं झालं. घर वैशाखातच उभं राहिलं. वाघाच्याच तोंडाचं, समोरून रुंद, मागे निमुळतं. आत शिरायच्या दिवशी दादा ड्रिल मशीन घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाटी दे. सरळ लागली पाह्यजे." पाटीवर एकच नाव होतं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग छिद्रं पाडली. अगदी सरळ.

उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी आणि गुंजन आधीच आत उभ्या होतो, आणि रोशन बाहेर.

"अगं बाई!" वहिनी कुजबुजली. "माप नवरी ओलांडते!"

"जे घरात येऊन राह्यलं, ते ओलांडीन," जयवंताबाई ठसक्यात म्हणाल्या. माप त्यांनीच भरून आणलं होतं. माझं 'नाही' त्यांच्या मनातून निघायला महिना लागला, पण निघालं ते मुळासकट. "उजवा पाय रे. अन् हळू. मोठा घोडा कुठला."

रोशननं उजवा पाय लावला. तांदूळ सळसळत माझ्या फरशीवर पसरले. गल्लीतले दोघंतिघं हसले. मीही हसले, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. बाबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, कोणाच्या तरी स्वागताला बसवतात तशी.

तोवर गुंजन घरभर धावून आली होती. प्रत्येक दार उघडून, प्रत्येक कोपरा बघून. आता तिनं रोशनचं बोट धरलं आणि त्याला घर दाखवायला लागली. "हे स्वयंपाकघर. ही झोपायची खोली. ही माझी खिडकी, इथून तुमची मेथी दिसते." बाथरूमच्या दारात ती थांबली. नवा नळ तिनं घट्ट फिरवून बघितला, एक थेंबही गळत नव्हता. ती गोंधळून माझ्याकडे वळली.

"आई, मग या घरात तू रडशील कुठं?"